वाचकांचे प्रश्न: रियोकानमधलं स्टेकचं दुपारचं जेवण

जपानच्या सहलीला निघालेल्या वाचकांकडून या वेळी बरेच प्रश्न एकाच विषयावर आले. रियोकान म्हणजे तातामीच्या चटया, लाकडी दारं आणि गरम पाण्याचं स्नानगृह असलेलं पारंपरिक निवासस्थान. तिथे मुक्काम न करताही दुपारी जेवता येतं आणि अनेक ठिकाणी त्या जेवणात स्थानिक बीफचा स्टेक असतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: रियोकानमध्ये न राहता फक्त जेवायला जाता येतं का? थेट जाऊन टेबल मिळेल?

जाता येतं, पण थेट दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. रियोकानचा मूळ धंदा ‘एक रात्र, दोन जेवणं’ असा असतो. स्वयंपाकघर पाहुण्यांच्या रात्रीच्या आणि सकाळच्या जेवणाभोवती चालतं, दुपारचं जेवण त्यात बसवलेलं असतं. म्हणून सामान तितकंच मागवतात जितकं आरक्षण असतं. काही रियोकानना स्वतंत्र रेस्टॉरंट असतं, तिथे एखादं टेबल मोकळं मिळूही शकतं. मात्र वेळ आखूड असते. साडेअकरा ते दोन असं लिहिलेलं असेल, तर शेवटची ऑर्डर बहुधा दीडलाच घेतात.

शोधताना ‘हिगाएरी’ हा शब्द लक्षात ठेवा. सकाळी येऊन संध्याकाळच्या आत परतायचं, असा त्याचा अर्थ. हिगाएरी योजनेत जेवण आणि स्नान एकत्र असतं, कधी काही तासांसाठी खोलीही मिळते. आरक्षण करतानाच चार गोष्टी विचारून घ्या: मांस कुठल्या भागाचं आणि किती ग्रॅम, ते आचारी भाजून देणार की टेबलावर आपण भाजायचं, बसायची सोय जमिनीवर की खुर्चीवर, आणि आरक्षण रद्द करायचं झालं तर शुल्क किती दिवस आधीपासून लागतं. शेवटचा प्रश्न संकोचून टाळू नका. मांस तुमच्या नावाने मागवलेलं असतं, त्यामुळे आदल्या दिवशी रद्द केलं तर पैसे मागण्याची पद्धत सर्रास आहे.

प्रश्न: पारंपरिक जपानी जेवण म्हणजे मासे, भाज्या, भात. त्यात स्टेक कुठून आला?

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली, तीही वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाने हे वळण शतकानुशतकं टिकलं, पण सगळेच ते पाळत होते असं नाही. आजच्या शिगा प्रांतातल्या हिकोनेचे सरंजामदार मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, मुरवलेलं बीफ शोगुनला, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाला, भेट म्हणून धाडत. ‘औषध म्हणून खातो’ म्हटलं की भागायचं! १८७२ मध्ये सम्राट मेइजी याने बीफ खाल्ल्याचं जाहीर झालं आणि दार उघडलं. लोखंडी तव्यावर गिऱ्हाइकासमोर स्टेक भाजण्याची तेप्पानयाकी पद्धत तर १९४५ मध्ये कोबेच्या ‘मिसोनो’ या रेस्टॉरंटने सुरू केली. म्हणजे घर जुनं असलं तरी ताटातला स्टेक त्या मानाने नवखाच आहे.

प्रश्न: मेनूवर ‘वाग्यू’, ‘कोकुसानग्यू’, ‘ए५’ असं काय काय लिहिलेलं असतं. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं ना?

आधी पहिले दोन शब्द. ‘वाग्यू’ ही जात आहे. जपानी काळी, जपानी तपकिरी, जपानी आखूडशिंगी आणि जपानी बिनशिंगी अशा चार जाती आणि त्यांचे आपापसातले संकर, एवढ्यांनाच हे नाव लावता येतं. बाजारातलं बहुतेक वाग्यू काळ्या जातीचं. ‘कोकुसानग्यू’ म्हणजे नुसतं ‘देशी उत्पादन’: ज्या जनावराने आयुष्याचा सर्वांत मोठा काळ जपानमध्ये काढला ते, मग ते दुधासाठीच्या होल्स्टीन जातीचं का असेना. दोन्ही शब्द दिसायला सारखेच भारदस्त आहेत, इथेच गफलत होते. कोकुसानग्यू वाईट असतं असं नाही. फक्त त्याला वाग्यूचा भाव देऊ नका.

आता ‘ए५’. अक्षर आणि आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ए, बी, सी हे अक्षर सांगतं की धडातून विकण्याजोगं मांस किती निघालं. ७२ टक्के किंवा जास्त निघालं तर ए. याचा खाटकाला उपयोग. तुमच्या जिभेला त्याच्याशी देणंघेणं नाही. आकडा १ ते ५, आणि तो चार कसोट्यांवर ठरतो: चरबीची जाळी (मांसात पसरलेले चरबीचे पांढरे धागे), मांसाचा रंग व तजेला, घट्टपणा व पोत, चरबीचा रंग व प्रत. चारपैकी जो गुण सर्वांत कमी, तोच अंतिम. म्हणजे जाळी उत्कृष्ट पण रंग ३ दर्जाचा, तर जनावर ३ वरच थांबलं.

चरबीच्या जाळीला वेगळी १ ते १२ अशी मोजपट्टी आहे. ३-४ म्हणजे दर्जा ३, ५ ते ७ म्हणजे दर्जा ४, आणि ८ ते १२ हे सगळं दर्जा ५ मध्ये. त्यामुळे दोन ‘ए५’ तुकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आमचं मत विचाराल तर दुपारच्या जेवणाला ए४ किंवा ए३ चा सरलॉइन (पाठीकडचा भाग), नाहीतर मांडीकडचा ‘रांपू’ हा भाग अधिक सुखाचा. ए५ चे पहिले तीन घास स्वर्गीय लागतात आणि सातव्या घासाला बऱ्याच जणांचा हात थांबतो. फिले हा कण्याखालचा भाग मऊही असतो आणि त्यात चरबीही कमी, पण भाव सर्वांत चढा.

कोबे, मात्सुसाका, ओमी, हिदा ही नावं प्रदेशांची आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी. कोबेसाठी ह्योगो प्रांतातली ताजिमा वंशाचीच गुरं लागतात आणि जाळी किमान ६. हिदा हे गिफू प्रांतातलं, त्याला दर्जा ३ पासून पुढे चालतो. मात्सुसाका म्हणजे न व्यायलेली काळ्या जातीची कालवडच.

प्रश्न: सांगितलंय ते खरंच त्या जातीचं मांस आहे, हे ताटात बसून कसं ओळखायचं?

ताटात बसून ओळखता येत नाही, कागदावर येतं. २००१ मध्ये जपानमध्ये ‘मॅड काऊ’ रोग आढळल्यानंतर २००३ साली प्रत्येक जनावराला दहा आकडी ओळख क्रमांक देण्याचा कायदा झाला. राष्ट्रीय पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की जन्मतारीख, लिंग, जात आणि जनावर कुठे कुठे वाढलं ते दिसतं. क्रमांक दाखवण्याची सक्ती स्टेक, याकिनिकू (टेबलावर भाजलेलं मांस), सुकियाकी आणि शाबू-शाबू (टेबलावरच्या भांड्यात शिजवलेले मांसाचे पातळ काप) हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांना आहे. रियोकानला ती लागू होईलच असं नाही. तरीही स्थानिक बीफ मिरवणारे अनेक जण लहानशा पाटीवर क्रमांक लिहून ठेवतात. नसेल तर ‘कोताइ शिकिबेत्सु बांगो’ असं म्हणून विचारावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेनूवर ‘सेइकेइ निकू’ म्हणजे तुकडे जोडून बनवलेलं मांस, किंवा ‘ग्यूशी चून्यू’ म्हणजे सुयांनी चरबी टोचलेलं मांस, असं लिहिलंय का ते बघा. २०१३ मध्ये जपानमधल्या हॉटेलांत आणि रियोकानांत असं मांस साधा ‘स्टेक’ म्हणून वाढल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. पुढच्या वर्षी ग्राहक व्यवहार विभागाने मेनूवर काय लिहावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्वस्त ‘साइकोरो’, म्हणजे फाशाच्या आकाराचा स्टेक, बरेचदा या प्रकारात मोडतो. हे मांस आतून पूर्ण शिजायलाच हवं, मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस आणि किमान एक मिनिट. कारण सरळ आहे: अखंड तुकड्यात जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि भाजल्यावर मरतात, तर जोडलेल्या किंवा टोचलेल्या मांसात तो पृष्ठभागच आत गेलेला असतो.

प्रश्न: टेबलावर मातीची थाळी आणि खाली निळी वडी पेटवून देतात. आमचं मांस करडं आणि चिवट झालं. काय चुकलं?

बहुतेक सगळं एकदम थाळीत गेलं असावं. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

त्या थाळीला ‘तोबान’ म्हणतात. खालची वडी अल्कोहोल घट्ट करून केलेलं इंधन असते. २५ ग्रॅमची वडी साधारण पंधरा ते वीस मिनिटं जळते. ज्योत कमी-जास्त करता येत नाही आणि शेवटची काही मिनिटं ती मंदावत जाते. म्हणजे जेवणातली सगळी घाई-गडबड या वडीच्या आयुष्याशी बांधलेली. दुसरं, माती सावकाश तापते. थंड थाळीत मांस ठेवलं तर त्यातून पाणी सुटतं, त्यावर कांदा आणि मशरूमचं पाणी, आणि वर झाकण. हे भाजणं नव्हे, वाफवणं झालं. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन तापमान शंभर अंशांच्या बरंच वर गेल्याशिवाय खरपूस रंग आणि तो वास येत नाही. पाणी असेपर्यंत तापमान शंभरावरच अडून राहतं.

असं करा. वडी पेटली की तीन-चार मिनिटं थाळी रिकामी तापू द्या. सोबत पांढऱ्या चरबीचा छोटा तुकडा दिलेला असतो, तो खायचा नसतो. तो मधोमध ठेवा. चर्र आवाज येऊन कडा पारदर्शक व्हायला लागल्या की थाळी तयार. तोच तुकडा सगळीकडे फिरवून घ्या. भोपळ्याची काप आणि कांद्याची चकती कडेला लावा, कारण त्यांना पाच-सहा मिनिटं लागतात. मशरूम आणि मोडाची कडधान्यं आत्ता नकोत. मध्यभागी मांसाचे दोन किंवा तीनच तुकडे, मध्ये बोटभर जागा सोडून. दीड सेंटीमीटर जाडीचा तुकडा पहिल्या बाजूने तीस-चाळीस सेकंद अजिबात हलवू नका. आपोआप सुटला की उलटा. चिकटून बसला असेल तर अजून दहा सेकंद थांबा. दुसरी बाजू तेवढीच. काढून ताटलीत मिनिटभर ठेवा, मग खा. तोवर पुढचे दोन तुकडे थाळीत. मशरूम आणि मोड शेवटी, उरलेल्या चरबीत आणि मंदावलेल्या ज्योतीवर. त्यांना तेवढी धग पुरते.

कच्चं मांस उचलायला दिलेला चिमटा वेगळा ठेवा. स्वतःच्या चॉपस्टिकने कच्चा तुकडा उचलून मग त्याच चॉपस्टिकने खाणं हे पोट बिघडण्याचं सोपं कारण आहे. आणि वडी फुंकून विझवायला जाऊ नका. विझवायचीच असेल तर कर्मचाऱ्यांना सांगा, ते झाकण ठेवतात.

हिदा भागात थाळीऐवजी ‘होबा मिसो’ मिळेल: पाण्यात भिजवलेलं मॅग्नोलियाच्या जातीचं मोठं वाळकं पान, त्यावर मिसो, कांद्याची पात आणि वर बीफ. तिथे उलट नियम. मिसो चटकन करपतो, म्हणून तो कडेकडून सतत हलवत राहायचा आणि मांस त्यावर अलगद ठेवायचं. पानाची कड जळली तरी हरकत नाही. पान खायचं नाही.

प्रश्न: आचारी तव्यावर भाजून देणार असेल तर ‘रेअर’ सांगावं की ‘मीडियम’?

रेअर म्हणजे आतून जवळजवळ कच्चं, मीडियम म्हणजे आतून अर्धवट शिजलेलं. चरबीदार वाग्यूला मीडियम रेअर किंवा मीडियम. अगदी रेअर मागितलंत तर आतली चरबी वितळतच नाही आणि तोंडात मेणासारखी लागते. वाग्यूची चरबी इतर बीफपेक्षा कमी तापमानाला वितळते हे खरं, पण तिलाही ऊब मिळायला हवी. कमी चरबीच्या लाल मांसाला रेअरही छान. पूर्ण शिजलेलं हवं तर ‘योकु याइते कुदासाइ’ एवढं पुरे. नाक मुरडत नाहीत.

प्रश्न: मीठ, वासाबी, पोन्झू, किसलेला मुळा, सोया सॉस. कशाला काय लावायचं?

सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे. पहिला तुकडा नुसत्या मिठाने, नाहीतर मांसाची स्वतःची चव कळणारच नाही. दुसरा वासाबीने, म्हणजे नाकात झणका जाणाऱ्या हिरव्या चटणीने. वासाबी सोया सॉसमध्ये कालवू नका, मांसावर ठेवा आणि मांसाची दुसरी कड सॉसला टेकवा. वासाबीचा झणका उडून जाणारा असतो, द्रवात कालवला की मरतो. शिवाय चरबी त्याला झाकते, म्हणून सुशीवर जेवढी डोळ्यांत पाणी आणेल त्याच्या दुप्पट वासाबी ए५ च्या तुकड्यावर सहज पचते. ताजी किसलेली वासाबी मिळाली तर लगेच वापरा, पाचेक मिनिटांत सुगंध उतरतो. नंतर पोन्झू, म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा रस घातलेला सोया सॉस, आणि किसलेला मुळा. जिभेवर चरबीचा थर साचला की हे मिश्रण तो कापतं, त्यामुळे ते शेवटच्या तुकड्यांसाठी राखून ठेवा. तळलेल्या लसणाच्या चकत्या दिल्या असतील तर त्या भातावर अधिक शोभतात.

प्रश्न: १२० ग्रॅमने पोट भरतं का?

एकट्या १२० ग्रॅमने नाही. लिहिलेलं वजन कच्च्या मांसाचं असतं, भाजल्यावर त्यातला सुमारे पाव भाग कमी होतो. पण सोबत भात, मिसो सूप, त्सुकेमोनो नावाचं लोणचं, बरेचदा चावानमुशी हे अंड्याचं खारं कस्टर्ड आणि एक-दोन छोट्या वाट्या असतात. सेट जेवणात हे सगळं एका ट्रेमध्ये येतं. क्रमाने वाढलं जाणारं काइसेकी घेतलंत तर भात, सूप आणि लोणचं शेवटी येतात. त्यामुळे ‘भात आणायला विसरले’ असं समजून सगळा स्टेक कोरडाच संपवू नका. भात आधी हवा असेल तर मागितल्यावर देतात.

प्रश्न: आमच्यातले दोघं बीफ खात नाहीत, एक जण पूर्ण शाकाहारी आहे. सोबत नेता येईल?

बीफ न खाणाऱ्यांची सोय सोपी. मासे, कोंबडी किंवा पोर्क असा पर्याय आरक्षणाच्या वेळी सांगा.

शाकाहाराचं अवघड आहे, आणि ते मांसामुळे नाही, ‘दाशी’मुळे. कात्सुओबुशी नावाच्या वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसाचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, चावानमुशीत असतं, शिजवलेल्या भाज्यांत असतं, पोन्झूत असू शकतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर समोरचा मांस वगळेल आणि दाशी तशीच राहील. ‘साकाना नो दाशी मो दामे देसु’, म्हणजे माशाची दाशीही चालत नाही, असं स्पष्ट सांगा. कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी करता येते, पण दाशी सकाळी सगळ्यांसाठी एकदमच होते, म्हणून निदान तीन-चार दिवस आधी कळवा. सगळी रियोकान हे मान्य करत नाहीत. नकार आला तर आग्रह धरू नका. आणखी एक: तेप्पानवर भाज्या त्याच तव्यावर, त्याच चरबीत भाजतात. वेगळं तेल आणि वेगळं भांडं सांगावं लागेल.

प्रश्न: गुडघे दुखतात. जमिनीवर बसावंच लागेल का?

नाही. खुर्ची-टेबल किंवा ‘होरिगोतात्सु’ मागा. त्यात टेबलाखाली खड्डा असतो आणि पाय खाली सोडता येतात. तातामीवर बसायची वेळ आली तरी मांडी चालते. बूट दारातच, स्लिपर तातामीच्या अलीकडे काढायची, आणि शौचालयातल्या स्लिपर तिथेच सोडून यायचं. परदेशी पाहुण्यांची हमखास चूक होते ती या शेवटच्या बाबतीत.

प्रश्न: बिलात काय काय वाढतं? टिप?

टिप नाही. एप्रिल २०२१ पासून ग्राहकांना दाखवायची किंमत करासहित असावी लागते, त्यामुळे १० टक्के उपभोग कर आधीच धरलेला असतो. वेगळा येतो तो सेवा आकार, जिथे असेल तिथे, बहुधा १० ते १५ टक्के. ५,५०० येनच्या जेवणावर १० टक्के आकार लागला तर ६,०५० येन. गरम झऱ्याचं स्नान केलंत तर स्नानकर. त्याचा प्रमाण दर माणशी १५० येन आहे, पण दिवसापुरत्या पाहुण्यांना काही गावांत कमी लावतात किंवा माफ करतात.

प्रश्न: स्नान आधी की जेवण आधी?

स्नान आधी, आणि मध्ये अर्धा तास. पोट भरल्या भरल्या गरम पाण्यात उतरू नये. जेवणासोबत बिअर किंवा साके घेतली असेल तर त्या दिवशी स्नान विसरा. स्नानानंतर बाहेर येऊन पाणी प्या, मग जेवायला बसा. साडेबाराचं टेबल असेल तर अकराला पोहोचलेलं बरं.

प्रश्न: उरलेलं मांस बांधून देतात का?

सहसा नाही. अर्धवट भाजलेलं मांस बाहेर नेऊन कोणी आजारी पडलं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा मुद्दा असतो. एवढं खाणं होणार नाही असं वाटत असेल तर आरक्षणावेळीच ८० किंवा १०० ग्रॅमचा तुकडा मिळेल का ते विचारा.